पाठ असलेले शब्द

माझ्या धाकट्या नणंदेला मी लग्न होऊन आले तेव्हापासून वन्सं म्हणते. आता त्यांचे केस माझ्याइतकेच पांढरे झाले आहेत, पण संबोधन तेच. त्या मला वहिनी म्हणतात आणि अगं-तुगं करतात. हे गेल्यावर घरात आम्ही दोघीच उरलो. पुढची खोली माझी, मागची त्यांची. मधल्या स्वयंपाकघरावरून रोज वाद होतो, आणि रोज होतो म्हणून त्याला भांडण म्हणायचं नाही असं आमचं ठरलं आहे.

वन्सं कान तपासतात. डॉक्टर नव्हेत त्या. कानाच्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात मागच्या बाजूला एक केबिन आहे. तिच्या भिंतींना आतून जाड स्पंज लावला आहे आणि दाराला फ्रिजसारखी रबराची पट्टी. आत बसून दार लावलं की माणसाला स्वतःचा श्वास ऐकू येतो. पेशंट आत, वन्सं बाहेर, मध्ये काच. आधी बीप वाजवायचे. ऐकू आला की पेशंटने बटण दाबायचं. मग माइकमधून शब्द म्हणायचे आणि आवाज हळूहळू कमी करत जायचा. पेशंटने ऐकलेला शब्द परत म्हणायचा. शब्द म्हणताना वन्सं तोंडापुढे पुठ्ठा धरतात, कारण कमी ऐकू येणारी माणसं स्वतःच्याही नकळत ओठ वाचायला शिकलेली असतात. शब्दांचं कार्ड ठरलेलं आहे. दगड, चमचा, विहीर, सावली, असे साधे, कुणाच्याही घरातले शब्द. इतकी वर्षं म्हणून म्हणून ते वन्संच्या जिभेला चिकटले आहेत. शेंगा सोलतानाही त्या पुटपुटतात. मी एखादं बोलणं दुसऱ्यांदा विचारलं की म्हणतात, "वहिनी, ये एकदा केबिनमध्ये." मी म्हणते, तुमचं सगळंच ऐकण्यासारखं असतं असं कुणी सांगितलं?

लग्न त्यांनी केलं नाही. वाचन मात्र अफाट केलं, आणि त्यातही विज्ञानकथा. आमच्या घरात इतरांना त्यातलं ओ का ठो कळत नसे. हे गमतीने म्हणत, हिचं स्थळ पृथ्वीवर मिळायचं नाही. एका लेखकावर वन्संचा विशेष जीव. मी त्यांना 'तुमचे महाशय' म्हणते. महाशयांनी दूरच्या एका ग्रहावरच्या वस्तीची मोठी कथामाला लिहिली आहे आणि तिच्यासाठी स्वतःचे शब्द घडवले आहेत. जमिनीखाली उजेड साठवतात ती उजेडखाण. वादळात लपायचं ते धूळघर. वर्षातून एकदाच उगवतो तो परतसूर्य. वन्संना ही पुस्तकं पानन् पान माहीत. दिवे गेले की त्या म्हणत, चला, उजेडखाणीतून काहीतरी काढा, आणि मी मेणबत्ती शोधायला जाई.

वाचनालयात त्यांचं एक वाचक मंडळ भरतं. वन्सं त्याच्या चिटणीस. आवडत्या लेखकाशी कसं वागावं, याबद्दल त्या फार कडक. मंडळात एक औषधांच्या दुकानाचे मालक आहेत. ते एकदा कुठून तरी महाशयांचा पत्ता काढून, त्यांच्या वाढदिवसाला सकाळीच फुलं घेऊन दारात उभे राहिले. महाशय अंघोळीहून आलेले, खांद्यावर टॉवेल. तसाच त्यांच्यासोबत फोटो काढून औषधवाले मंडळात मिरवत होते. वन्संनी तो सगळ्यांसमोर पुसायला लावला. "आपण पुस्तक विकत घेतलंय," त्या म्हणाल्या, "लेखक नाही."

नव्या सभासदांना त्या समजावून सांगत. लिहायचं तर प्रकाशकाच्या पत्त्यावर लिहा. एक पान पुरे. कुठलं पुस्तक वाचलं आणि त्याने तुमचं काय झालं ते सांगा. तुमची स्वतःची कथा जोडून पाठवू नका. पुढचा भाग कधी, असं विचारू नका, ते बाळंतिणीला पुढचं मूल कधी विचारण्यासारखं आहे. उत्तराची वाट पाहू नका. त्यांनी स्वतः तरुणपणी एकदा लिहिलं होतं आणि महाशयांचं चार ओळींचं कार्डही आलं होतं. त्यानंतर त्यांनी कधी लिहिलं नाही. का, असं मी विचारलं होतं. म्हणाल्या, "वहिनी, त्यांनी दार किलकिलं करून कोण आहे ते पाहिलं. म्हणून आत शिरायचं नसतं."

अशा बाईच्या केबिनमध्ये एके दिवशी महाशय स्वतः आले. हे सगळं वन्संनी मला त्याच संध्याकाळी, चपला काढता काढता सांगितलं.

महाशय उंच, वाकलेले, खिशाला दोन पेनं. सोबत मुलगी. डॉक्टरांनी काही विचारलं की उत्तर मुलगी देत होती. बाबा ऐकतच नाहीत, असं ती म्हणाली. त्यावर महाशय म्हणाले, "ऐकू येत नाही की ऐकत नाही, तेच तपासायला आलोय." वन्संना हसू आलं, पण त्या हसल्या नाहीत. आपण वाचक आहोत हेही सांगितलं नाही. हा माणूस इथे पेशंट म्हणून आलाय, लेखक म्हणून नाही, एवढं भान त्यांना होतं.

बीपमध्ये महाशय बरेच कमी पडले. मग कार्डावरचे शब्द सुरू झाले. पहिले एकदोन बरोबर आले. आवाज उतरवल्यावर ते चुकायला लागले. चुकतोय हे त्यांना कळत होतं. काचेपलीकडे तो चेहरा हळूहळू पडत गेला. परीक्षेत काही येत नसलेल्या मुलाचा पडतो तसा. वन्संना ते पाहवेना. त्यांनी कार्ड बाजूला ठेवलं, पुठ्ठा तोंडापुढे धरला आणि म्हणाल्या, उजेडखाण.

महाशयांनी मान वर केली. "उजेडखाण," ते म्हणाले.

धूळघर. परतसूर्य. वन्सं आवाज उतरवत गेल्या आणि महाशय एकेक शब्द अचूक झेलत गेले. चेहरा खुलला, पाठ ताठ झाली. शेवटी तर आवाज इतका खाली होता की तिथे नेहमीचा पेशंट नुसता काचेकडे बघत बसतो. महाशय तिथेही चुकले नाहीत.

बीप आणि शब्द यांचा मेळ बसला नाही तर तपासणी पुन्हा करायची, हा त्यांच्या कामातला पहिला धडा आहे. वन्संनी तो डझनभर शिकाऊ मुलींना शिकवला आहे. त्या दिवशी त्यांनी तपासणी पुन्हा केली नाही. बीपला महाशय कंटाळले होते, शब्द मात्र उत्तम ऐकले, असं त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांचा त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास. त्यांनी एका कानाला हलकंसं, कमी जोराचं मशीन लिहून दिलं. निघताना महाशय वन्संच्या टेबलाशी थांबले. "बाई," ते म्हणाले, "तुमचं कार्ड फार वाचनीय आहे."

एवढंच. वन्सं तरंगत घरी आल्या होत्या. त्या रात्री जेवताना त्यांनी मीठ दोनदा वाढून घेतलं. म्हणाल्या, मी एकही नियम मोडला नाही. पुस्तकांबद्दल चकार शब्द काढला नाही. मी म्हटलं, खरंय, शब्द तेवढे सगळे त्यांचेच काढलेत. आम्ही दोघी हसलो. मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

काही आठवड्यांनी वाचनालयाच्या सभागृहात महाशयांच्या नव्या पुस्तकाचा कार्यक्रम झाला. वन्संनी ठेवणीतली साडी काढली. महाशयांच्या कानात मशीन होतं. वन्संनी मला कोपराने ढोसून दाखवलं. भाषण छान झालं. मग वाचकांचे प्रश्न.

आधी एका कॉलेजच्या मुलाने परतसूर्याबद्दल विचारलं. मुलगा पुटपुटत होता, मला मधल्या रांगेत नीट ऐकू आलं नाही, पण महाशयांनी सविस्तर उत्तर दिलं. टाळ्या पडल्या. मग एका बाईने, चांगल्या स्पष्ट आवाजात, विचारलं की लिहिताना एकटं वाटतं का. महाशय हसले आणि कल्पना कशा सुचतात ते सांगू लागले. बाई थोडा वेळ उभी राहिली आणि खाली बसली. तिला वाटलं असणार, प्रश्न टाळला. नंतर एक शिक्षक उठले. महाशयांनी त्यांना प्रश्न पुन्हा विचारायला सांगितला. पुन्हा सांगितला. मग सूत्रसंचालक त्यांच्याकडे वाकला आणि लहान मुलाला सांगावं तसा त्यांच्या कानात ओरडला. माइक चालू होता. सगळं सभागृह दणाणलं आणि मागे कुणीतरी हसलं. मग आणखी काही जण हसले. महाशयांनी इकडेतिकडे पाहिलं आणि सगळ्यांनंतर तेही हसले. ते उशिराचं हसणं मला अजून दिसतं.

आमच्या मागे औषधवाले बसले होते. शेजाऱ्याला म्हणाले, मशीन लावून ही गत, म्हणजे आता डोकंच गेलं बहुतेक.

वन्संनी माझं मनगट धरलं.

"वहिनी, त्यांना ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या. "त्यांना पाठ आहे."

मला आधी कळेना. त्यांनी तिथेच, खालच्या आवाजात सांगितलं. उजेडखाण म्हणताना 'उ' जरी कानावर पडला, नुसती शब्दाची लय जरी कळली, तरी ज्याने तो शब्द घडवला त्याला पुढचं ऐकावं लागत नाही. दगड आणि चमचा ऐकावे लागतात. म्हणूनच तर कार्डावर दगड आणि चमचा असतात. त्या मुलाने परतसूर्य म्हटल्याबरोबर महाशयांनी बाकीचा प्रश्न स्वतःच जुळवला होता. वन्संनी आपल्या केबिनमध्ये त्यांच्याकडून नेमकं तेच करवून घेतलं होतं, आणि त्यावरून या माणसाच्या कानात, त्याच्या बहिरेपणाला न पुरणारं मशीन बसलं होतं.

तेवढ्यात महाशयांच्या मुलीने व्यासपीठावर जाऊन कार्यक्रम संपल्याचं सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वन्संचेही हात वाजत होते; त्यांना ते कळत नव्हतं. सह्या घ्यायला सगळे पुढे गेले तेव्हा त्या माझ्यामागे लपून बाहेर पडल्या. इतक्या वर्षांत त्यांना कुणापासून तोंड लपवताना मी पाहिलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात सूत्रसंचालकाकडून कळलं की महाशय यापुढे कुठल्याच कार्यक्रमाला येणार नाहीत. घरी फोनही मुलगीच घेते. आपलं वय झालं, असं त्यांनी मान्य केलं आहे म्हणे. वन्संनी ते ऐकलं आणि ताट बाजूला सारलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, एवढं म्हणून त्या मागच्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं. सकाळी त्यांनी मला वाचायला चार पानं दिली. महाशयांना लिहिलेलं पत्र.

आमच्या कॉन्व्हेंट शाळेत पत्रलेखन शिकवणाऱ्या सिस्टर एक गोष्ट करायला लावत. पत्र लिहून झालं की उठायचं, समोरच्या खुर्चीत बसायचं आणि ज्याला ते जाणार आहे तो माणूस होऊन वाचायचं. मी तसं वाचलं. पहिल्या पानावर महाशयांची पुस्तकं. दुसऱ्यावर त्या पुस्तकांनी वन्संना कसं सांभाळलं ते. तिसऱ्यावर पश्चात्ताप, चौथ्यावर क्षमायाचना. अक्षर सुंदर, एकही खोटं वाक्य नाही. तुमची तपासणी चुकली आहे, पुन्हा या, हे मात्र कुठेच नव्हतं.

"वन्सं," मी म्हटलं, "हे वाचून त्यांना आधी तुमचं सांत्वन करत बसावं लागेल."

त्या फार रागावल्या. तुझ्या सिस्टर तुलाच लखलाभ, म्हणाल्या. दुपारी पाहिलं तर त्या पत्राच्या पानांवर वन्सं दोडक्याच्या साली काढत होत्या. मग काय करू, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तुम्ही वाचक म्हणून चुकलात की तपासणाऱ्या बाई म्हणून? दोन्ही म्हणून, त्या म्हणाल्या. मी म्हटलं, मग जिथे काम करता तिथे आधी सांगा. वाचकाचं नंतर बघू. दवाखान्याच्या कागदांत महाशयांचा नंबर होता. तो फिरवण्याचा मोह झाला होता, असं त्यांनी मला सांगितलं. फिरवला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी विचारलं की हे फक्त याच पेशंटच्या बाबतीत झालं, की आणखी कुणाचा चेहरा पडलेला पाहून कार्ड बाजूला ठेवलं होतं. डॉक्टर वयाने वन्संपेक्षा लहान. एरवी मावशी म्हणणारे, त्या दिवशी बाई म्हणाले. घरी येऊन वन्संनी तो प्रश्न मला सांगितला आणि खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांच्या कामावर कुणी असा प्रश्न विचारू शकतं, आणि आपल्याला त्यावर रागवायचा हक्क नाही, हे त्यांना गिळता येईना. डॉक्टरांनी ठरवलं की महाशयांना फोन ते स्वतः करतील. कारण मात्र वन्संनी समोर सांगायचं.

महाशय येणार होते त्या दिवशी वन्संनी मला सोबत नेलं. मी बाहेरच्या बाकावर बसले. बाकं पेशंटांनी भरलेली. महाशय आणि मुलगी आले, आणि वन्संना धीर धरवेना. आत बोलावणं येण्याआधीच त्या उठल्या आणि तिथेच, उभ्या उभ्या, खालच्या आवाजात सांगू लागल्या. कार्ड सोडून तुमच्या पुस्तकातले शब्द म्हटले, त्याने निकाल चुकला, मशीन चुकीचं बसलं, दोष माझा.

मुलीने सगळं ऐकून घेतलं. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. "त्या सभागृहात काय झालं, माहीत आहे तुम्हाला?" तिने विचारलं.

"माहीत आहे. मी तिथे होते."

"टाळ्याही वाजवल्या असतील."

"हो," वन्सं म्हणाल्या.

महाशय दोघींच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहत होते. त्यांनी कानामागे हात धरला. "मला काही कळलं नाही," ते म्हणाले. "जरा मोठ्याने सांगा."

मी मान खाली घातली. वन्संनी मोठ्याने सांगितलं. तरी पोचेना. मग आणखी मोठ्याने. बाकांवरची सगळी माणसं बोलायची थांबली, शाळेच्या गणवेशातली एक मुलगी आईच्या मांडीवरून उतरून पाहू लागली, आणि आमच्या वन्संनी आपली चूक एकेक शब्द सुटा करून, ओरडून, शेवटपर्यंत सांगितली. त्यांचा आवाज तसा गोड आहे. ओरडल्यावर तो फाटतो, हे मला त्या दिवशी कळलं.

महाशय समजले. "म्हणजे ते शब्द मला ऐकूच आले नव्हते?"

"नाही. तुम्हाला पाठ होते."

"त्या दिवशी घरी जाताना मला फार बरं वाटलं होतं," ते म्हणाले. "वाटलं, अजून आहे आपलं शाबूत." त्यात राग नव्हता, असता तर वन्संना धरायला काहीतरी मिळालं असतं.

तपासणी दुसरीकडे करावी असं मुलीचं म्हणणं होतं, आणि डॉक्टरांनाही ते रास्त वाटलं. महाशयच नको म्हणाले. "ह्यांनाच करू द्या. आता ह्या माझे लाड करणार नाहीत."

बाकावरून मला काचेचा कोपरा दिसत होता, आणि केबिनमधला आवाज वन्संच्या टेबलावरच्या स्पीकरमधून बाहेर येत होता. वन्संनी पुठ्ठा तोंडापुढे धरला. चमचा. महाशय काहीतरी भलतंच म्हणाले. विहीर. ते काहीच म्हणाले नाहीत. वन्सं एकेका शब्दापुढे फुली मारत गेल्या. महाशयांचा चेहरा पुन्हा पडला, पहिल्या वेळेपेक्षा जास्तच, आणि वन्संनी त्याच्याकडे पाहून कार्डावरचा पुढचा शब्द म्हटला, आणि त्याच्या पुढचा. मध्ये कुठे हात थांबला नाही. बीप आणि शब्द या वेळी जुळले. दोन्ही कान बरेच उतरलेले होते. दोन्हींना मशीन लागणार होतं, आणि पहिल्यापेक्षा पुष्कळ जोराचं.

मशीनं आली त्या दिवशीही मी सोबत गेले. वन्संनी बोलावलं नव्हतं, पण त्या पदर सारखा सारखा नीट करत होत्या, म्हणून गेले. मुलगी खुर्चीमागे हाताची घडी घालून उभी होती आणि वन्संकडे पाहत नव्हती. महाशयांच्या नव्या पुस्तकाची एक प्रत डॉक्टरांच्या टेबलावर पडली होती, त्यांनीच दिलेली असणार. वन्संनी तिच्याकडेही पाहिलं नाही. त्या वाकून एकेक मशीन कानात बसवत होत्या, कॉम्प्युटरवर आवाज थोडा वाढवत होत्या, थोडा उतरवत होत्या. मग समोर स्टुलावर बसल्या, तोंडापुढे पुठ्ठा धरला, आणि मशीन बसवल्यावर प्रत्येकाला विचारतात तेच, साध्या बोलण्याच्या आवाजात विचारलं. "माझा आवाज कसा येतोय?"

"स्वच्छ," महाशय म्हणाले. मग डोकं जरा तिरपं करून त्यांनी ऐकल्यासारखं केलं, जणू तो आवाज अजून खोलीत होता. "जरा घाबरलेला आहे."

मुलीने पहिल्यांदा वन्संकडे पाहिलं.

वन्संनी पुठ्ठा खाली घेतला नाही. "बरोबर," त्या त्याच्यामागून म्हणाल्या, आणि दुसऱ्या हाताने कागदावर बरोबरची खूण केली.